अंगणवाडीतलं जेवण आपल्यासाठी नाही का?

पत्र थोडं आटोपतं करून देत आहे.

*ताई,*

*मला चौथा महिना सरत आलाय, पहिलीच वेळ. आमचं गाव बेळगाव शहराला लागूनच आहे. नवऱ्याचं उद्यमबागला फाउंड्रीचं युनिट आहे, मी शहरात एका खासगी बँकेत नोकरी करते. दोघंही रिटर्न भरतो, वर्षाचं उत्पन्न चांगलं आहे. दवाखाना खासगी लावलाय.*

*मागच्या महिन्यात आशाताई आणि अंगणवाडीच्या टीचर घरी आल्या होत्या. नाव घाला, ताई कार्ड (कन्नडमध्ये ‘तायी’ म्हणजे आई; गरोदर बाईचं सरकारी कार्ड) काढून घ्या, दुपारचं जेवण, दूध, अंडं मिळतं म्हणाल्या. सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगून टाकलं, ‘आमच्यात काय कमी आहे काय? गरिबांना द्या.’ त्या गेल्यावर मला म्हणाल्या, ‘आमच्या घरची सून कुणाकुणाच्या पंगतीला जाऊन बसणार? लोकं काय म्हणतील?’ मामंजींचं वेगळंच. ते १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात होते, लाठ्या खाल्ल्यात. ‘ज्या सरकारशी जन्मभर भांडलो, त्याचं फुकटचं खायचं नाही,’ असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याने मागे गॅसची सबसिडी सोडली होती, त्याला वाटतं हेही तसंच सोडावं. जाऊबाई म्हणतात, ‘जेवणाचं राहू दे, पहिल्या खेपेला पाच हजार मिळतात ते तरी घे. ई-श्रम कार्ड काढून फॉर्म भरून टाकू, कोण बघतंय?’ त्यात माझ्या आईने चंदगड तालुक्यात माहेरच्या अंगणवाडीतही माझं नाव सांगून ठेवलंय.*

*मला स्वतःलाही लाज वाटते, खोटं कशाला बोलू. पण टीचर उठून गेल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, ते मनातून जात नाही. घ्यावं की सोडावं?*

*— एक वाचक, बेळगाव तालुका*

आधी मनापासून अभिनंदन. तुम्ही विचारलंय एक, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: पाच हजार रुपये, ताई कार्ड आणि दुपारचं जेवण. तुमच्या घरात प्रत्येकाने या तिन्हींना एकच उत्तर दिलंय. माझी उत्तरं वेगवेगळी आहेत.

पैशाचं पटकन सांगते. ते घेऊ नका.

प्रधानमंत्री मातृवंदना योजना जानेवारी २०१७ पासून लागू झाली, तेव्हा पहिल्या बाळंतपणाला ती जवळपास सगळ्यांसाठी होती. फक्त सरकारी नोकरीतल्या आणि कायद्याने तसाच लाभ मिळणाऱ्या बायका वगळल्या होत्या. एप्रिल २०२२ पासून नियम बदलले. आता पहिल्या बाळाला पाच हजार आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार मिळतात, पण त्यासाठी ठरावीक गटात बसावं लागतं: अनुसूचित जाती-जमाती, बीपीएल कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, ई-श्रम कार्ड, अपंगत्व, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, असे ते गट आहेत. तुम्ही यांपैकी कशातच बसत नाही. ई-श्रम कार्ड असंघटित कामगारांसाठी आहे: विडी वळणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांसाठी. तुमचा पीएफ कापला जातो. ते कार्ड काढायला बसलात तर पहिल्याच रकान्यात खोटं लिहावं लागेल. शिवाय तुम्हाला बँकेकडून कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळणार आहे. शेतमजूर बाईला पोटुशीपणी रोजगार बुडतो, त्याची थोडीफार भरपाई म्हणून ते पाच हजार आहेत. तुमची भरपाई तुमच्या पगारातच आहे.

संसदेने २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा केला, तेव्हा गरोदर बाईला किमान सहा हजार रुपये मिळावेत असं त्यात लिहिलं. नंतर योजना आखताना ती रक्कमही कमी झाली आणि माणसंही कमी झाली. मला हे चुकीचं वाटतं आणि मी ते जिथं संधी मिळेल तिथं बोलते. पण म्हणून खोटा फॉर्म भरायची मुभा कुणाला मिळत नाही. जाऊबाईंशी यावर वाद घालू नका. ‘मला रजा आहे, मला नको’ एवढंच म्हणा.

आता ताई कार्ड. हे काढाच, आणि या आठवड्यात काढा. खरं तर बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदलं जायला हवं होतं. उशीर झाला असला तरी चालतं, अजून टाळू नका. कार्ड म्हणजे गरिबीचा दाखला नव्हे. तुमचा रक्तगट, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची इंजेक्शनं, अपेक्षित तारीख आणि पुढे बाळाच्या सगळ्या लसी एका ठिकाणी लिहिलेला तो कागद आहे. खासगी दवाखान्यातल्या बाईलाही तो लागतो. तुमच्या डॉक्टरांची फाइल त्यांच्या कपाटात असते. रात्री अडीच वाजता अंगावरून जायला लागलं आणि वाटेतल्या दुसऱ्याच दवाखान्यात गाडी थांबवावी लागली, तर तिथल्या नर्सच्या हातात काय देणार आहात?

तशी वेळ कुणावर येऊ नये, पण येते, आणि ती घर बघून येत नाही. बाळंतपणात जादा रक्त जाणं हे बायका दगावण्याचं मोठं कारण आहे. यावरचा एक अभ्यास आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला आहे. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० बायका त्यात होत्या. प्रसूती होताच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर रक्तस्राव कमी होतो का, हे बघायचं होतं. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर तो अभ्यास केला, आणि गोळ्या दिल्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांत १२ टक्के बायकांना जादा रक्तस्राव झाला, औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के. जगभरच्या डॉक्टरांनी त्याची दखल घेतली. तुमच्या ओट्यावर चहा पिऊन परत गेलेल्या आशाताई त्याच साखळीतल्या आहेत. त्यांना ‘गरिबांकडे जा’ म्हणताना घरच्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मला कळतं. पण त्यांचं काम गरोदर बाईपर्यंत पोचणं हे आहे, आणि तुम्ही गरोदर आहात.

दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तुमचे डॉक्टर असताना तिथं जायची गरज नाही, पण माहीत असू द्या. आणि सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, रक्त, औषधं, जाण्यायेण्याची गाडी हे सगळं २०११ च्या जूनपासून देशभर मोफत आहे, आणि तिथं उत्पन्न विचारत नाहीत. खासगीत गुंतागुंत झाली तर अनेकदा जिल्हा रुग्णालयातच पाठवतात. त्या वेळी हातात कार्ड असलेलं बरं.

आता जेवण. तुमची लाज इथंच आहे, आणि घरातले सगळे इथंच अडलेत, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. पुढे अन्नाच्या हक्काचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये न्यायालयाने आदेश दिला की अंगणवाडीच्या सेवेसाठी दारिद्र्यरेषेची अट लावायची नाही. २०१३ च्या कायद्याने ते आणखी पक्कं केलं: प्रत्येक गरोदर आणि बाळंत बाईला, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत, अंगणवाडीतून विनामूल्य जेवण. याच कलमात पुढे रोख रकमेतून सरकारी नोकरदार आणि तत्सम लाभ मिळणाऱ्या बायका वगळल्या आहेत. जेवणातून कुणालाच वगळलेलं नाही. नजरचुकीने राहिलं असं नाही, कलम लिहिणाऱ्यांनी दोन्हींचा वेगळा विचार केलेला दिसतो. कर्नाटकाने २ ऑक्टोबर २०१७ पासून ‘मातृपूर्ण’ योजना आणली. महिन्यातले २५ दिवस केंद्रात बसून खायचं गरम जेवण: भात, पालेभाजी घातलेलं सांबार, उकडलेलं अंडं, २०० मिली दूध, शेंगदाण्याची चिक्की. अंडं न खाणाऱ्यांना मोड आलेली कडधान्यं. जेवण झालं की तिथंच लोहाची गोळी.

‘सगळ्यांना’ कशाला, गरिबांनाच द्यावं, असं तुमच्या सासूबाईंना वाटतं. पुष्कळ भल्या माणसांना तसं वाटतं. मग तुमच्याच गावातली एखादी नवी सून बघा. माहेर गडहिंग्लज किंवा आजऱ्याकडचं, नवरा इथं गवंड्याच्या हाताखाली. लग्नाला वर्ष झालं आणि दिवस गेले. तिचं नाव अजून महाराष्ट्रात वडिलांच्या रेशन कार्डावर आहे. तिकडून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इकडे चढत नाही. आधारवर पत्ता माहेरचा, आडनाव माहेरचं. इथला फॉर्म कन्नडमध्ये, तो तिला वाचता येत नाही, आणि नवऱ्याला एक दिवस कचेरीत घालवायचा तर त्या दिवसाची मजुरी जाते. कार्डाचं काम होईपर्यंत तिचं बाळंतपण होऊन गेलेलं असतं. आपल्याकडे सोयरीक राज्याची हद्द ओलांडून होते. खानापूर, निपाणी, बेळगावच्या निम्म्या घरांत पलीकडची सून सापडेल. जेवणाला बीपीएलची अट लावली तर ज्या बाईसाठी ती लावली, तीच पहिल्यांदा बाहेर राहील. आज तिला काही सिद्ध करावं लागत नाही. दिवस गेलेत, एवढं पुरतं.

पण ही सोय टिकायची तर ती खरोखर सगळ्यांची दिसायला हवी. बऱ्या घरातल्या सुना एकेक करून बाजूला झाल्या, की अंगणवाडीत जाऊन जेवणं हीच गरिबीची खूण होऊन बसते. आणि गावात लाज वरून खाली उतरत जाते. तुमची सून जात नाही हे बघून दोन एकरवाल्याची सून थांबते, तिच्याकडे बघून भाड्याच्या खोलीतली थांबते. त्या शेवटच्या बाईला घरी अंडं मिळत नाही. मिळालंच तर ते नवऱ्याच्या किंवा थोरल्या मुलाच्या ताटात जातं. केंद्रात बसून खायला घालायचं कारणच हे की ते तिच्याच पोटात जावं.

तुम्ही सोडलं म्हणून तिला जास्त मिळेल, असंही नाही. अंगणवाडीचं सामान नोंदलेल्या नावांच्या हिशेबाने येतं. तुमचं नाव नसलं तर तुमच्या वाट्याचं अंडं शेजारणीला जात नाही, ते केंद्रात येतच नाही. इथंच तुमच्या नवऱ्याचा गॅसचा हिशेब लागू पडत नाही. गॅसची सबसिडी सोडा, या सरकारच्या २०१५ च्या आवाहनानंतर एक कोटीहून जास्त लोकांनी सबसिडी सोडली, त्यांतले ते एक आहेत, याचा मला आदरच आहे. तिथं सोडलेला रुपया खरोखर वाचत होता आणि गॅस तोच, तसाच घरी येत होता. अंगणवाडी माणसांच्या वावरावर चालते. डाळ पातळ झाली, दुधाची पावडर उशिरा आली, वजनकाटा बिघडला, तर कोण बोलणार? जिला शब्द जुळवून तक्रार करता येते, जिला पर्यवेक्षिकेला फोन करायची भीती वाटत नाही, अशी बाई त्या पंगतीत नसेल तर बिघडलेला काटा वर्षभर तसाच पडून राहतो. कर्नाटकात प्रत्येक अंगणवाडीला बालविकास समिती असते, तिच्यात आया असतात. भाजी-अंड्यांच्या खरेदीशी तिचा संबंध असतो. बँकेत हिशेब बघणारी बाई त्या समितीवर असणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि नवऱ्याला काही सोडण्यापेक्षा देण्यात समाधान असेल, तर केंद्राला काय कमी आहे ते टीचरना विचारून ग्रामपंचायतीमार्फत द्यावं. पाण्याची टाकी, पंखे, खिडक्यांना जाळ्या, फाउंड्रीवाल्याला यातलं काही अवघड नाही.

तुमच्या लाजेबद्दल. बँकेच्या २६ आठवड्यांच्या रजेची तुम्हाला लाज वाटली नाही. वाटूही नये, १९६१ च्या कायद्याने बायकांना ती मिळाली आणि २०१७ मध्ये वाढली. ती तुमच्या हक्काची आहे आणि कुणी तिला दान म्हणत नाही. अंगणवाडीचं जेवणही कायद्यानेच आलंय. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना बसप्रवास मोफत आहे. यल्लम्माच्या दर्शनाला सौंदत्तीला निघालेल्या बसमध्ये पाटल्या घातलेली बाई आणि भांगलणीला जाणारी बाई एकाच बाकावर शून्याचं तिकीट घेऊन बसतात. कुणाची मान खाली जात नाही, कारण तिकीट सगळ्यांनाच शून्याचं आहे.

सासूबाईंची अडचण मात्र पैशाची नाही. शेजारी कोण बसणार आणि हाताने कोण वाढणार, ही ती अडचण आहे. मी हे गुळमुळीत बोलणार नाही. स्वयंपाक करणारी मदतनीस कुठल्या समाजाची आहे यावरून मुलांना अंगणवाडीत न पाठवणारी घरं अजून आहेत, तुम्हालाही अशी माहीत असतील. तुमच्या घरात हे कारण असेल तर ते ‘आम्हाला काय कमी आहे’ या शब्दांमागे झाकलं जाऊ नये. त्यांच्याशी भांडा असं मी म्हणत नाही. चौथ्या महिन्यात घरात रोजची कुरबुर तुम्हाला परवडणारी नाही, आणि त्याही तुमच्या काळजीनेच बोलत असतील. पण तुम्ही स्वतः त्या कारणाला मान डोलावू नका. एखाद्या दिवशी त्यांना बरोबर घेऊन जा. टीचर, मदतनीस, तिथल्या पोरी यांच्याशी बोलू द्या. गावातल्या बायका एकमेकींची माहेरं विचारू लागल्या की दहा मिनिटांत नाती निघतात. नाही जमलं, तर तुम्ही एकट्या जा.

मामंजींना माझा नमस्कार सांगा. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकासमोर मान लवणाऱ्या घरांतली मीही आहे, त्यामुळे त्यांचं दुखणं मला परकं नाही. पण हे जेवण कुठल्या सरकारची मेहेरबानी म्हणून येत नाही. संसदेचा कायदा आहे, केंद्र आणि राज्य दोघंही खर्च उचलतात, आणि महाराष्ट्रात असता तरी तो तुम्हाला लागू झाला असता. ते घेतलं म्हणून सीमाप्रश्नावरची आपली बाजू तसूभरही कमी होत नाही, आणि सोडलं म्हणून कुठल्या सरकारला काही बोचत नाही. उलट एक सांगते. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षणाच्या तरतुदींत असं आहे की एखाद्या तालुक्यात १५ टक्के किंवा त्याहून जास्त लोक एक भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही निघायला हव्यात. गरोदरपणातल्या धोक्याच्या खुणा, गोळ्या कशा घ्यायच्या, कुठल्या नंबरवर गाडी बोलवायची, हे मराठी बाईला मराठीत कळावं, ही मागणी आपण केलीच पाहिजे. ती करायची तर आपल्या बायकांची नावं अंगणवाडीच्या वहीत असायला हवीत. वहीत नसलेल्या बाईसाठी कुणी पत्रक छापत नाही. मामंजींसारख्या माणसाने हे काम हाती घेतलं तर मला फार आनंद होईल.

आता तुमचं रोजचं गणित. तुम्ही नोकरी करता, दुपारी एक वाजता गावातल्या अंगणवाडीत पोचणं शक्य नाही. म्हणून टीचरना स्पष्ट सांगा: नाव, वजन, कार्ड, इंजेक्शनं यांसाठी नोंदवा, जेवणाला मी येईन त्याच दिवशी हजेरी मांडा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तुमची बँक बंद असते, अंगणवाडी चालू असते. त्या दिवशी जा. प्रसूतीआधी जास्तीत जास्त आठ आठवडे रजा घेता येते. ती सुरू झाली आणि तुम्ही सासरीच असाल, तर रोज जा. न जाता नावावर उचलू नका. कुठं कोरडा आहार घरी देत असतील तर तोही खाणार असाल तरच घ्या. तो शिधा म्हशीच्या पाटीत जाताना मी पाहिलाय, त्यापेक्षा न घेतलेला बरा.

आईने माहेरी नाव सांगून ठेवलंय, ते प्रेमाने. पण दोन्हीकडे एकाच वेळी नाव चालवायचं नाही. आता अंगणवाड्यांची नोंद पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर आधारशी जोडून होते. चोळी-ओटी होऊन माहेरी निघालात की इथल्या टीचरना आधी सांगा, म्हणजे त्या नोंद तिकडे हलवू शकतील. चंदगडकडे जेवणाची पद्धत वेगळी आहे. महाराष्ट्रात आदिवासी भाग सोडले तर गरोदर बाईला केंद्रात ताट वाढत नाहीत, घरी न्यायचा आहार देतात. तोही तुमचा हक्क आहे, त्याच अटीवर. जाताना ताई कार्ड आणि डॉक्टरांची फाइल दोन्ही बरोबर न्या. कार्डावर कन्नड मजकूर असला तरी तारखा, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन हे आकडे कुठल्याही नर्सला वाचता येतात. बाळाच्या जन्माच्या वेळच्या लसी, म्हणजे बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि चोवीस तासांच्या आतली कावीळ-ब ची लस, तिथं दिल्या तर त्याच कार्डावर लिहून घ्या. परत आल्यावर सहाव्या आठवड्याच्या लसीला तेच कार्ड दाखवायचं.

एक राहिलंच. तुम्ही एवढं सगळं लिहिलंत, पण हिमोग्लोबिनचा आकडा लिहिला नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी आढळल्या. निम्म्याहून जास्त. एवढ्या बायका काही उपाशी घरांतल्या नसतात. दुधातुपाच्या घरातही रक्त कमी असतं, कारण दूध-तुपातून लोह मिळत नाही. गरोदरपणात ११ च्या खाली आकडा म्हणजे रक्त कमी. लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकीच. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, दोन्ही एकदम नाहीत. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, त्यापेक्षा लिंबूपाणी घ्या. तुमच्या डॉक्टरांनी आधीच लोह दिलं असेल तर अंगणवाडीतली गोळी त्यात भर म्हणून खाऊ नका. दोन्ही पाकिटं त्यांना दाखवून एकच चालू ठेवा. तपासणी झाली की आकडा कितीवर आला, तेवढं मला कळवा.